तिच्या नावाचा नियम

माझी बायको गेल्यावर बस्तीत शोकसभा झाली. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. तिथे एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितलं, की आजारपणात या बाईंना व्हिडिओ गेमचा नाद लागला होता, तोही भुताखेतांचा आणि मारामारीचा. पण त्यात हिंसा आहे हे ओळखून त्यांनी स्वतःहून त्याचा आजन्म त्याग केला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या शेजारी आमची मुलगी बसली होती. तिने मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही.

त्या भाषणातलं ‘स्वतःहून’ खोटं होतं. ते त्या गृहस्थांना माझ्याकडूनच कळलं होतं.

आम्ही निपाणीचे. माझं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. बायकोचं माहेर हिडकलच्या धरणात बुडालेल्या गावांतलं. एकच मुलगी, ती बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत शिकवते आणि एकटी राहते. बायकोच्या किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावची खेप सुरू झाली. मधल्या दिवसांत ती पडून असायची. टीव्हीवरच्या मालिका तिला कधीच आवडल्या नाहीत आणि वाचायला घेतलं की डोकं दुखायचं. एका रविवारी मुलीने स्वतःचं गेमचं मशीन आणलं, आतल्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं आणि त्याचा रिमोट आईच्या हातात दिला.

“हे काय गं? मला ह्यातलं काय कळतंय?”

“मला तरी कुठं कळत होतं? चार वेळा मर, आपोआप कळतंय.”

“मरायचं हितंच शिकायचं व्हय मग?” म्हणत बायको हसली. ती किती दिवसांनी हसली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत बसलो होतो.

त्या गेमचे एकापुढे एक असे तीन भाग होते. पहिला एका बेटावरच्या दीपगृहाचा, दुसरा बंद पडलेल्या खाणीचा. तिसऱ्यात धरणाचं पाणी उतरून वर आलेलं एक गाव होतं. तिन्हींत एकच बाई, हातात कंदील घेऊन धुक्यातून चाललेली. कंदिलातलं तेल कायम संपत आलेलं. धुक्यात उंच, लांब हातांची, बिनडोळ्यांची माणसं फिरतात. त्यांना दिसत नाही, पण पाचोळा वाजला तरी ऐकू येतं. बाईकडे बंदूक असते, गोळ्या मात्र फार थोड्या मिळतात. मधूनमधून दिवा लावलेली एखादी खोली सापडते. तिथे एक पेटी असते, जवळचं सामान त्यात ठेवायचं. मेलं की शेवटच्या दिव्याच्या खोलीपासून पुन्हा सगळं चालत यायचं. घटकाभर जीव मुठीत धरून जेवढं पुढे गेलो, ते सगळं वाया. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या वेळी मला फक्त आतून आवाज ऐकू यायचे: पाण्याचे थेंब, कुठे तरी लोखंड घासल्याचा आवाज, आणि मग एक किंकाळी. दुपारभर पडदे ओढून ती खेळायची आणि दुपारभर त्या किंकाळ्या यायच्या. डायलिसिसच्या हातावर भार नको म्हणून रिमोट उशीवर ठेवून खेळायची.

शाळा सुटली की मुलीचा फोन येई. बायको स्पीकरवर बोलायची.

“आज कुठवर पोचलीस?”

“विहिरीपतोर. तिथं त्यो लांब हाताचा हुबा हाय बघ. हालायचं नाव न्हाय. सकाळधरनं मरालोय.”

“अगं मग गोळी घाल की! बंदूक काय पूजेला ठेवल्याईस?”

“बघूया गं. घाई काय हाय.”

मी यातलं ‘गोळी घाल’ तेवढं ऐकलं. एके दिवशी आत जाऊन म्हणालो, “मुंगी मरंल म्हणून आपण दिवस मावळल्यावर जेवत न्हाय, आणि तू दिवसाढवळ्या खून पाडालीस.”

तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. “तुमच्या तंबाखूनं किती मेले, ते बघितलासा का कधी?”

“ते वेगळं.”

“व्हय, ते वेगळंच. ते खरे होते.”

मी पडदे उघडले. ती म्हणाली, “असू दे हो. दवाखान्यात भ्या वाटलं तर हात पसरून पडून ऱ्हावं लागतंय. हितं लपता तरी येतंय.” हे ती भांडण्यासाठी म्हणाली नव्हती. पण तंबाखूचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं होतं. एवढ्या वर्षांत ती तसं कधी बोलली नव्हती.

त्या वर्षी आमच्या गावात एका महाराजांचा चातुर्मास होता. भाद्रपदात दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. त्या दिवसांत आमच्याकडे नियम घेतात. मंडपात प्रवचन झालं की एकेक जण उठून हात जोडतो आणि सांगतो, मी अमुक सोडलं. कुणी चहा सोडतं, कुणी दही, कुणी हॉटेलचं खाणं. कुणी दहा दिवसांसाठी, कुणी वर्षासाठी. एकदा महाराजांसमोर बोललं की ते मोडत नाही. त्या दुपारी बायको घरी झोपली होती. माझी पाळी आल्यावर मी उठलो, स्वतःसाठी गूळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. म्हणालो, “माझ्या मंडळींचापण एक नियम आहे. त्यांना येणं जमत नाही.” गेमचं सांगितलं. मंडपात कुजबुज झाली.

महाराजांनी विचारलं, “त्यांची स्वतःची इच्छा आहे ना?”

मी हो म्हणालो. मग त्यांनी मुदत विचारली. दहा दिवस म्हणता आलं असतं. मी आजन्म म्हणालो.

लोक माझ्याशी बोलायला थांबले, त्यात वेळ गेला. मी घरी पोचलो तेव्हा शेजारच्या बाई आधीच आमच्याकडे येऊन बसल्या होत्या. मी चपला काढत दारातच थांबलो.

“वैनी, लई मोठं काम केलासा! आमच्यानं साधा चहा सुटंना झालाय. मंडपात सगळी तुमचंच नाव काढालती.”

आतून खाट करकरल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, “व्हय. ठरवलं खरं.”

त्या बाई गेल्यावर तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, “कितीचा घेतलासा माझा नियम?”

“आजन्म.”

“मग काय लई न्हाय,” ती म्हणाली, आणि मशीनवर टाकायला एक जुना टॉवेल काढला.

तिने मला खोटं पाडलं नाही. मुलीलाही सांगितलं नाही, कारण मुलीला सांगणं म्हणजे मला खोटं पाडणंच होतं. नियम कुणाच्याही तोंडून निघाला असो, तिच्या नावाने निघाला म्हणजे तो तिचा, असं ती मानत असावी. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी सोप्यातच होतो.

“गावात शिरलीस का गं?”

“सोडलं मी ते.”

“सोडलं म्हंजे? का?”

“सोडलं. तुझं जेवण झालं?”

त्यानंतर त्या दोघींना बोलायला पोटॅशियम, वजन आणि किती पाणी प्यायचं एवढंच उरलं. फोन रोजचा एक दिवसाआड झाला, मग रविवारचा. पडदे आता उघडे असायचे. ती छताकडे बघत पडलेली असायची आणि मी सोप्यात शांतपणे पेपर वाचायचो.

पर्व संपलं की क्षमावणी येते. त्या दिवशी आम्ही एकमेकांपुढे हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. वर्षभरात जाणता-अजाणता जे चुकलं असेल त्याची माफी मागतो. मी तिच्या खाटेपाशी जाऊन हात जोडले.

“कशाबद्दल?” तिने विचारलं. असं कुणी विचारत नाही.

“सगळ्याबद्दल.”

“सगळ्याबद्दल दिली,” ती म्हणाली. “एखाद्या गोष्टीबद्दल मागायची असली तर अजून येळ हाय.”

संक्रांतीच्या आत ती गेली. तेवढ्या वेळात मी ती एक गोष्ट तोंडातून काढली नाही.

शोकसभेनंतर घरी आल्यावर मुलगी म्हणाली, “आप्पा, शेवटच्या दिवसांत आईच्या हातात मी पाप दिलं. ती मला बोललीसुदिक न्हाय. नुसतं बोलायचं कमी केली.” सांगायचं असतं तर तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “जाऊ दे, झालं गेलं.” तिने मशीन परत नेलं नाही. कॉलेजात असल्यापासून ती असले गेम खेळायची, तेही सोडून दिलं. निपाणीला येणं कमी झालं. आली तरी आतल्या खोलीत जायची नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी मी टॉवेल काढला. ते का केलं, याचं कारण मला देता येत नाही. घर फार शांत होतं. मशीन सुरू झालं, तिसरा भाग उघडला. बायकोने जिथे सोडलं होतं तिथेच, दिव्याच्या खोलीत, ती बाई उभी होती. रिमोटची बटणं शिकण्यात दोन-चार दुपारी गेल्या. मग मी तिला दाराबाहेर काढलं. धुक्यात लांब हातांचा एक जण पाठमोरा उभा होता. तो माझ्याकडे आलाही नव्हता. मी गोळी झाडली. तो पडला, पण त्या आवाजाने चारी गल्ल्यांतून बाकीचे आले. आणि मला ती किंकाळी ऐकू आली, मी सोप्यात बसून ऐकत होतो तीच. ती त्या माणसांची कधीच नव्हती. ती कंदीलवाल्या बाईची होती. बायको दुपारभर मारत नव्हती, मरत होती.

मी पुन्हा दिव्याच्या खोलीत आलो होतो. तिथली पेटी उघडली. पेटी गोळ्यांनी भरली होती. वाटेत सापडलेली एकेक गोळी तिने उचलली होती आणि आणून तिथे ठेवली होती. पहिले दोन भाग तिने जिथे सोडले होते, त्या जागाही उघडून बघितल्या. तिथेही पेट्या तशाच भरलेल्या.

बंदुकीशिवाय त्या गावातून जायचं तर काय करावं लागतं, ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. दूर दगड टाकून त्यांना तिकडे पाठवायचं. कंदील विझवायचा. भिंतीला पाठ लावून तो अगदी तोंडाजवळून जाईपर्यंत हलायचं नाही. ते बराच वेळ चालतं. एक बोट हललं की संपलं, पुन्हा सगळं दिव्याच्या खोलीपासून. मला ते जमत नव्हतं. प्रत्येक वेळी मध्येच धीर सुटायचा आणि मी गोळी घालायचो.

तिची ती खोली गेमच्या मुख्य वाटेवर नव्हती. गेम नेतो ती वाट विहिरीवरून सरळ पुढे देवळाकडे जाते. बायको विहिरीपासून वळून, चिखलाने भरलेल्या गल्ल्यांतून, छप्पर गेलेल्या एका घराच्या मागच्या खोलीत गेली होती. दिवा आणि पेटी सोडली तर तिथे मिळण्यासारखं काही नाही. हिडकलचं पाणी उतरलं की तिच्या माहेरचे लोक होडीतून जुनं गाव बघायला जायचे. मी तिला एकदाही नेलं नव्हतं.

गेल्या क्षमावणीला मुलगी आली. माझ्यापुढे वाकून तिने हात जोडले. मी तिचे हात धरले आणि म्हणालो, “थांब. मला एका गोष्टीबद्दल मागायची आहे.” आणि नियमाचं सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. हात सोडवून घेत म्हणाली, “मला वाटालतं, तिला माझी लाज वाटालत्या. ती गेली तरी तेच वाटालतं. आणि तुम्हाला ठाऊक होतं.”

“व्हय.”

“जिथं बोललासा तिथं जाऊन सांगा.”

मी गेलो, मुलगीही बरोबर आली. त्याच मंडपात उभं राहून सांगितलं, की नियम तिने घेतला नव्हता, मी तिच्या नावाने खोटं बोललो. लोक ऐकत होते. एक जण उठून म्हणाले, पत्नीचं पुण्य झाकून स्वतःकडे पाप घेणारा असा नम्र माणूस विरळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी तरी माझ्या पाया पडलं. मागे वळून बघितलं तर मुलगी उठून गेली होती.

घरी ती मशीनच्या वायरी गुंडाळत होती. “बोलून काय उपयोग न्हाय तुमचा. त्यांना तुमचं कौतुकच ऐकू येतंय. लिवा. परत वाचता येईल असं लिवा.”

“तू पुढच्या क्षमावणीला येशील?”

“वाचल्यावर बघू,” म्हणाली, आणि मशीन गाडीत ठेवून गेली.

म्हणून हे लिहिलं. मी तिला तेव्हा आईने गोळी घातली नाही एवढंच सांगितलं, माझ्या खेळण्याचं सांगायचं धाडस झालं नाही. मशीन ती कधी तरी लावेल. बाई आता आईने सोडली त्या खोलीत नाही, मी तिला विहिरीपलीकडे नेऊन ठेवलं आहे. तिसऱ्या भागातली पेटी उघडलीस तर ती पहिल्या दोन पेट्यांसारखी भरलेली दिसणार नाही. तुझ्या आईने एकही झाडली नव्हती. कमी आहेत त्या माझ्या.