हात लावला नव्हता

लटारू भनारकर चिमूरकडचा. पिढ्यान्‌पिढ्या तलावातल्या मासोळीवर जगणाऱ्या ढिवराच्या घरातला. पन्नास सालच्या उन्हाळ्यात गावचा तलाव तळाला गेला, तेव्हा तो बायकोला, मनकर्णेला घेऊन चांद्याकडं आला आणि राजुऱ्याच्या वाटेवरच्या एका कोळसा खाणीत लागला. खाणीच्या पोटात बारमाही पाणी झिरपायचं आणि ते उपसायला विजेचे पंप नुकतेच बसले होते. मुकादमानं विचारलं, "पाण्याले भेतं का?" लटारू हसला. त्या हसण्यावरच त्याला बिजलीघरात हेल्पर म्हणून घेतलं.

बिजलीघर म्हणजे पत्र्याची एक खोली. आत काळ्या दगडी पाटीवर तांब्याच्या उघड्या पट्ट्या आणि हातभर लांबीचे खटके. तिथला मिस्त्री रामाजी. उंच, मोजकं बोलणारा. त्यानं लटारूला पहिल्या दिवशीच सगळं शिकवून टाकलं. पायाखाली कोरडा लाकडी पाट, हात सुके, तांब्याला बोट लावायचं नाही.

"बस, एवढंच?" लटारूनं विचारलं.

"एवढंच. हात लावला नाई तर बिजली काई करत नाई."

रामाजीला त्याच्या उस्तादानं एवढंच सांगितलं होतं. उस्तादाला कोणी काय सांगितलं होतं, देव जाणे.

चार वर्षं बरी गेली. दोघांच्या खोल्या एकाच चाळीत होत्या. रामाजीची बायको वच्छला अंबाडीची भाजी केली की वाटीभर मनकर्णेकडं पाठवायची, आणि लटारूनं रविवारी नदीवरून मासोळी आणली की निम्मी तिकडं जायची.

चौपन्न सालच्या भादव्यात सलग पाच दिवस पाऊस झाला आणि खाणीतल्या खालच्या गल्लीत पाणी चढू लागलं. सहाव्या दिवशी दुपारी मोठ्या पंपाचा फ्यूज उडाला. रामाजीनं नवी तार घातली, खटका लावला, पुन्हा उडाला.

"केबल कुठीतरी भिजली असन," रामाजी म्हणाला. "खाली जाऊन पाहा लागते."

तेवढ्यात खाणीच्या साहेबाचा माणूस धावत आला. साहेबानं सांगितलंय, पंप पाच मिनिटंही बंद राहता कामा नये. जाड तार टाका आणि चालवा. रामाजी घुटमळला. मग त्यानं मान न वळवता हात मागं केला. लटारूनं भेंडोळ्यातून दुप्पट जाड तार तोडली आणि त्याच्या हातावर ठेवली.

रामाजी पाटावर उभा राहिला. खटक्याची काळी मूठ त्यानं घट्ट धरली आणि वर ढकलली.

लटारूला पुढं जे आठवायचं त्यात आवाज नव्हताच. फक्त पांढरं दिसायचं. सूर्याकडं बघावं तसं पांढरं, आणि भट्टीचं दार तोंडावर उघडावं तशी आग. तो चार हात मागं होता तरी उचलला जाऊन भिंतीवर आपटला. शुद्ध आली तेव्हा खोलीभर तांब्याचा कडू धूर होता. रामाजी पाटावरून खाली बसला होता आणि शांतपणे म्हणत होता, "लटारू, दिवा लाव रे, काई दिसून नाई राह्यलं."

दुपारचे दोन वाजले होते.

खाणीच्या लॉरीतून दोघांना चांद्याच्या दवाखान्यात नेलं. रामाजीला केळीच्या पानावर निजवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. लटारूचा डावा डोळा गेला, तोंडाची डावी बाजू वितळलेल्या मेणासारखी झाली, आणि उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी पुरती वळली नाहीत.

दोन महिन्यांनी तो परतला तेव्हा अपघाताचे कागद झालेले होते. मिस्त्रीनं निष्काळजीपणानं उघड्या पट्टीला हात लावला, असं खाणीनं लिहून पाठवलं होतं. चाळीत तर त्याहून पुढची गोष्ट फिरत होती, रामाजी घेऊन आला होता म्हणे. थेंबही न घेणारा माणूस तो.

वच्छला त्याच्या दारात आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून म्हणाली, "भाऊ, तुमी तिथीच होते. त्याहीनं हात लावला होता का?"

"नाई लावला, बाई."

"मग तुमी सांगा ना कोणाले तरी."

सांगायचं म्हणजे सगळंच सांगायला हवं होतं, आणि तारेची गोष्ट त्यानं अजून मनकर्णेलाही सांगितली नव्हती.

थंडी सरता सरता सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आला. साहेबाच्या बंगल्याच्या ओसरीवर टेबल मांडलं. लटारूला बोलावलं, वच्छला न बोलावता आली आणि खांबाशी बसली.

इन्स्पेक्टरनं विचारलं, "मिस्त्रीनं पट्टीला हात लावला?"

"नाई जी. मूठ धरली होती."

"मग करंट कसा लागला?"

"लागलाच नाई जी. जाळ झाला. हात न लावता जाळ झाला."

साहेब हसला. इन्स्पेक्टर मात्र हसला नाही. "याला पुरावा काय?" त्यानं विचारलं. तेव्हा खांबाशी बसलेली वच्छला उठली.

"साहेब, मी तीन दिवस त्याहीच्या उशाशी होती. तोंड जळलं होतं, छाती जळली होती, हाताची वरची बाजू सारी सोलली होती. धराले जागा नव्हती. फक्त तळहात कोरे होते. एक फोड नाई. मी तीन दिवस तळहातच धरून बसली होती. तांब्याले हात लावला असता, तर तळहात कोरे राह्यले असते का?"

इन्स्पेक्टरची लेखणी बराच वेळ चालत राहिली. मग तो लटारूकडं वळला. "जाळ होण्याइतका करंट गेला, मग फ्यूज का नाही उडाला?"

लटारूनं वच्छलेकडं बघितलं नाही. "जाड तार होती जी. वरून हुकूम आला होता. तोडून म्याच देल्ली."

इन्स्पेक्टरनं तेही लिहून घेतलं.

परतताना वच्छला त्याच्या दहा पावलं पुढं चालत होती. चाळीपाशी ती थांबली. "माया घरच्यानं हात लावला नाई, हे सांगतलं, ते बरं केलं," ती म्हणाली. "आता माया दारात येऊ नका."

चौकशीचा निकाल काय लागला हे चाळीत कोणाला कधीच कळलं नाही. साहेबाची बदली झाली, एवढंच. पण वरून हुकूम आला. पट्ट्यांवर लोखंडी पेटी बसली, आणि बिजलीघरात घेतलेल्या नव्या माणसांना आधी धोका समजावून सांगावा असं ठरलं. समजावणार कोण? नव्या इंजिनिअरनं लटारूचं नाव घेतलं.

लटारूला ते नको होतं. माणसं ऐकायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघत. एकदा तो चिडून म्हणाला, "मले पाहाले आले का आयकाले आले?" पण तो दर महिन्याला उभा राहिला. खटका लावताना पेटीचं दार बंद. समोर नाही, बाजूला उभं राहायचं, तोंड फिरवून. कामाला हात घालायच्या आधी खटका पाडून कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात. फ्यूज उडाला तर त्याला काहीतरी सांगायचं असतं. ते कळल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही, साहेबाचा बाप आला तरी. आणि शेवटी, दर वेळी, मान खाली घालून, "जाड तार म्याच देल्ली होती." कोणी विचारत नसे. तो सांगत असे.

छप्पन्न साली ऐकायला बसलेल्यांत सुकलू होता, वच्छलेचा धाकटा भाऊ. बहिणीच्या पोटासाठी भावजींच्या जागेवर लागलेला, पंचविशीचा. तो भिंतीकडं तोंड करून बसला.

दोन वर्षांनी, पुन्हा पावसाळ्यात, त्याच पंपाचा फ्यूज उडाला. फोरमन ओरडत आला. सुकलूनं खटका पाडला, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली आणि म्हणाला, "केबल पाह्यल्याशिवाय लावत नाई." फोरमननं शिव्या घातल्या, कॉलर धरली. सुकलू हलला नाही. केबलची खराबी सापडेपर्यंत खालची गल्ली भरली आणि पंप बुडाला. केबल हातभर फाटलेली निघाली. तरी सुकलूला बारा दिवस कामावरून काढलं. पंप बुडवला म्हणून.

लटारूचंही शिकवणं त्यानंतर बंद झालं. माणसांना तो भडकवतो असं ठरलं. त्याला कोळशाच्या वजनकाट्यावर बसवलं. उरलेला डोळाही तोवर धुरकट व्हायला लागला होता.

सुकलू कामावर परत घेतला गेला त्या दिवशी संध्याकाळी वच्छला लटारूच्या अंगणात येऊन उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदाच. मनकर्णेनं घाईनं चटई टाकली, पाण्याचा गडवा पुढं केला. ती बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"सुकलू जिता हाय," ती म्हणाली.

लटारू उठून उभा राहिला. आवाजाच्या अंदाजानं त्यानं तोंड तिच्याकडं केलं.

"हो, बाई," तो म्हणाला.

ती पदर सारखा करून आपल्या खोलीकडं निघून गेली.