आधी तो फॅन बंद करा

"तुमचे डोळे कोरडे आहेत," असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाची तरी फाइल उघडली आहे.

डोळ्यांत पिवळा रंग घालून त्यांनी निळ्या उजेडात तपासलं होतं. या तपासणीला टियर ब्रेक-अप टाइम म्हणतात. अश्रूंचा थर डोळ्यावर किती वेळ टिकतो, ते त्यातून कळतं. माझा टिकत नव्हता. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. ते तेल अश्रूंवर सायीसारखं पसरतं, म्हणून ते लवकर सुकत नाहीत. माझ्या ग्रंथी तुंबल्या होत्या. डोळा सुकला की जळजळतो, आणि जळजळला की भसाभस पाणी येतं.

"पूर्ण बरं होईल?" मी विचारलं.

"सांभाळता येईल," डॉक्टर म्हणाले. "थेंब टाका, गरम कापडानं शेका, आणि तोंडावर वारा घेऊ नका."

मला तेवढ्यानंही हायसं वाटलं. निदान आजाराला नाव होतं.

आमच्या बेंबळी गावात मात्र ते नाव घ्यायचं नव्हतं. "लग्न जमंपर्यंत कुठं बोलू नको," आई म्हणाली. "डोळ्यांचा आजार म्हणलं की लोक आंधळीच करून टाकतील." मी तशीही कमीच बोलते. थेंबांची बाटली चहाच्या डब्यामागं ठेवायची आणि सगळ्यांची पाठ वळली की थेंब टाकायचे, असं सुरू झालं. माझे वाहते डोळे बघून शेजारच्या काकू आईला हळूच विचारायच्या, "पोरीला कुणी काय बोललं का?"

मग चैत्राच्या उकाड्यात भूमहून पाहुणे मला बघायला आले. त्यांच्यासाठी बाबांनी शेजारचा मोठा टेबलफॅन मागून आणला होता. माझी खुर्ची नेमकी त्याच्यासमोर. मी पोहे दिले, बसले, आणि नाव सांगेपर्यंत धारा लागल्या. बाबा छताकडे बघत राहिले.

मुलाची मावशी उठली आणि माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"खरं सांग, बापानं दम दिलाय का?"

"नाही हो."

"मग रडतीस कशाला? आमचं पोरगं इतकं वाईट दिसतंय व्हय?"

दारात आई उभी होती. डोळ्यांनीच 'नको' म्हणत होती. पण मला हसू फुटलं होतं. मी डब्यामागची बाटली काढून मावशींच्या हातात दिली आणि तेल, पाणी, ग्रंथी, सगळं सांगून टाकलं.

मावशींच्या घरी म्हशी होत्या. "म्हंजे साय धरंना झालीय, असं सांग की!" त्या म्हणाल्या आणि तशाच बाहेर गेल्या. "आधी तो फॅन बंद करा. पोरगी रडत न्हाय, वाऱ्यानं डोळं सुकत्यात तिचं."

"अगं, उकाड्यानं जीव जाईल," त्यांचे यजमान म्हणाले.

"जात न्हाय. टोपी काढा."

सगळी बैठक घामानं निथळत बसली. मला पहिल्यांदाच मुलगा नीट दिसला. वाईट दिसत नव्हता.

स्थळ जमलं नाही. त्याला पुण्याला जायचं होतं, मला इथंच राहायचं होतं. मावशी मात्र राहिल्या. "शेकलं का डोळं?" म्हणून अजून फोन करतात. थेंबांची बाटली आता देवळीत, सगळ्यांसमोर असते.

तुमचेही डोळे असे असतील तर थेंब चुकवू नका, आणि घरात एकदा मोठ्यानं सांगून टाका. मला सांगायला मावशींनी भाग पाडलं, तुम्ही तेवढी वाट बघू नका.

परवा नवे पाहुणे आले. मी तोंड उघडायच्या आत आईनंच उठून फॅन भिंतीकडं वळवला. "जरा उकडंल हं तुम्हाला," ती म्हणाली. "आमच्या पोरीच्या डोळ्याला वारं चालत न्हाय."