मामांनी वहीत जे लिहिलं

नववीत असताना मी विद्यापीठाच्या सूक्ष्मदर्शकाची वाट लावली. वरून डोळा लावून मोठं चाक फिरवत गेलो, खाली काय चाललंय ते पाहिलंच नाही. 'कट्' आवाज आला, काचपट्टी दुभंगली आणि भिंगावर ओरखडा उठला. तेवढ्यात मामा आत आले.

मामा म्हणजे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचे शिपाई. परीक्षानळ्या धुणं, कपाटाची किल्ली सांभाळणं, तास संपला की घंटा देणं हे त्यांचं काम. मुख्याध्यापकसुद्धा त्यांना मामाच म्हणत.

"काय रे, भिंगातून पलीकडे जायचा विचार होता का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. विद्यापीठाची ती पाच सूक्ष्मदर्शकांची पेटी वीस खेड्यांतल्या शाळांत फिरायची. प्रत्येकीकडे पंधरा दिवस. काही मोडलं तर त्या शाळेला पुढच्या वर्षी पेटी बंद, असा नियम. सोबत एक वही. आधीच्या अकराही शाळांनी तीत एका सुरात लिहिलं होतं, 'सर्व साहित्य सुस्थितीत.'

मुख्याध्यापक म्हणाले, "मामा, आपणही तेच लिहू. पुढची शाळा बघून घेईल."

"आणि तिथल्या पोरांनी बोलणी खायची?"

"अहो, पेटी बंद झाली तर नुकसान आपल्याच पोरांचं!"

"ते आहेच," मामा म्हणाले. पण वही भरायचं काम त्यांचं होतं. सातवीपर्यंत गिरवलेल्या टपोऱ्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'एका भिंगाला ओरखडा. मुलगा बघत असताना ओरखडा पडला. बाकीचे चार सूक्ष्मदर्शक रोज वापरात. काचपट्ट्या नऊ फुटल्या, पैकी दोन माझ्या हातून.'

पेटी न्यायला विद्यापीठाच्या मॅडम आल्या. त्या वही वाचत होत्या आणि मुख्याध्यापक रुमालाने कपाळ पुसत होते.

"दोन तुमच्या हातून? म्हणजे तुम्हीही बघता?"

"पोरं घरी गेली की बघतो. हौदातलं पाणी."

मॅडम बाकावर टेकल्या. "बाकीच्या शाळांनी काचपट्ट्यांचं पाकीटसुद्धा फोडलेलं नाही, मामा. मोडेल या धास्तीनं पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. आणि तो नियम मीच केला होता."

वहीच्या पहिल्या पानावरच्या त्या नियमावर त्यांनी तिथल्या तिथे काट मारली. आमची पेटी वाचली. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. माझा तर पडायचा आवाजही झाला असेल.

त्या वर्षापासून महिन्यातून दोनदा मामा विद्यापीठाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून इतर शाळांतल्या शिपायांना शिकवायला जाऊ लागले. "आधी बाजूनं बघा, मग वरून. आमच्याकडच्या एका शहाण्यानं उलटं केलं होतं." त्या दिवशी घंटा आम्ही द्यायचो. शाळा पाच मिनिटं लवकर सुटायची.

आता मी त्याच मॅडमच्या विभागात शिकतो. "तुमच्या वहीतल्या त्या चार ओळींमुळे मी इथवर आलो," हे एकदा सांगायला गेलो, तर मामांनी हात झटकला.

"ते राहू दे. हौदातल्या पाण्यात तो चपलेच्या तळव्यासारखा जीव असतो ना, त्याला डोकं नाही. मग धडकल्यावर मागं फिरायचं ठरवतं कोण?"

मी पेशीचं आवरण, विद्युतभार वगैरे सुरू केलं.

"हे पुस्तकातलं झालं. मला कळेल असं सांग."

याला दोन वर्षं झाली. त्यानंतर तीनदा नवं उत्तर घेऊन गेलो. तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि मला नापास केलं.