मे महिन्यातले शनिवार

अण्णा चादरी अंथरायचे ते पाहण्यासारखं असे. भवानी पेठेत एका यंत्रमागाच्या शेडवर, पत्र्याखाली एक लांबट खोली आहे. तिथे दर शनिवारी संध्याकाळी आम्हा कॉलेजच्या ख्रिस्ती मुलामुलींची संगती भरायची. संगती म्हणजे गाणी म्हणायची, बायबलमधला एखादा भाग वाचून त्यावर बोलायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची आणि शेवटी चहा प्यायचा. बसायला सोलापुरी चादरी होत्या. विणताना नक्षी चुकली म्हणून बाजारात न गेलेल्या. अण्णा त्या कोपऱ्याला कोपरा जुळवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरत, हाताने सुरकुत्या काढत, मग मागे सरून एकदा नजर टाकत. एवढं झाल्यावर आम्ही यायचो पाच-सहा जण. वऱ्हाडच न आलेल्या मांडवासारखं दिसायचं ते.

“अण्णा, निम्म्या घडी करून ठेवा की. उगाच झटकायला लागतात,” असं कुणीतरी दर शनिवारी म्हणायचं.

“आन् कोन आलं तर? जिमिनीवर बसवू का त्येला?” अण्णा म्हणायचे. हा संवाद इतक्या वेळा झाला होता, की पुढे पुढे आम्ही तो गाण्याआधीच उरकून घ्यायचो.

अण्णांचं नाव देवदानम. घरची भाषा तेलुगू. वडील विणकर, अण्णाही विणकर, आणि खालच्या त्या शेडमध्येच कामाला. कॉलेज त्यांनी एक वर्षच पाहिलं होतं. वडील गेले आणि बारावीनंतरचं शिक्षण पहिल्याच वर्षी सुटलं. पण त्या एका वर्षात वर्गात कुणीही ओळखीचं नसताना कसं वाटलं होतं, ते ते विसरले नव्हते. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घर होतं, ती गेल्यावर शेडवरची खोली आणि शनिवार एवढंच उरलं. शेडचे मालक शिवभक्त माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी खोली दिली ती कधी परत मागितली नाही. गाण्याचा आवाज फार वाढला तर मालकीणबाई, आमच्या निलव्वा काकू, खालून ओरडायच्या, “देव बहिरा हाय का रे तुमचा?” आणि चहाला साखर कमी पडली तर तीही त्यांच्याकडूनच यायची.

मला अण्णांनी पकडलं ते चर्चच्या आवारात. मी मोडनिंबची. आई तिथे नर्स, आणि गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. गावात एकटं असण्याची मला सवय होती, त्यामुळे सोलापुरात आले की आपली माणसं भेटतील असं मी मनात धरून आले होते. रविवारी चर्चमध्ये माणसं भरपूर भेटली. पण उपासना संपली, की ती आवारात आपापल्या घरच्यांच्या घोळक्यात उभी राहत, आणि मला कुठे उभं राहावं ते कळायचं नाही. मग मी खाली वाकून सँडलचा पट्टा नीट करत बसायचे. तेवढ्यात गर्दी ओसरली, की हॉस्टेलवर जायचे.

“पट्टा चांगला हाय की तुजा,” डोक्यावरून आवाज आला. “लई रविवार बघालोय मी.”

वर पाहिलं तर एक उंच, सडसडीत माणूस, पांढरा शर्ट, दाढी नुकतीच केलेली, गालाला कापलेलं. मला रडूच यायला लागलं. त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि विचारलं, “गाव कुठलं?”

“मोडनिंब.”

“बरं मोडनिंब, शनिवारी ये. पोरीबी असत्यात. सातच्या आत हॉस्टेलला पोचतीस, माजी जबाबदारी.”

तेव्हापासून मी मोडनिंब झाले. अण्णा सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारत. बार्शी, अक्कलकोट, कुर्डुवाडी. एकाच गावची दोन पोरं आली तर मोठी बार्शी आणि धाकटी बार्शी. माझं खरं नाव रुथ आहे, हे त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला बरीच वर्षं शंका होती.

खोलीवर जायचा जिना फार उभा होता. शेवटच्या दोन पायऱ्या चढताना धरायला काही नव्हतं, म्हणून अण्णा जिन्याच्या तोंडाशी एका स्टुलावर बसत आणि येणाऱ्याला हात देत. “दे हात,” म्हणायचे आणि वर ओढून घ्यायचे. सगळे आले तरी तिथून उठत नसत. कुणी उशिरा आलं तर हात द्यायला कोण? आम्ही चादरीवर गोल करून बसायचो आणि अण्णा तिथूनच रिकाम्या डब्यावर ताल धरायचे. प्रार्थनेत गहिवरून आलं की त्यांची मराठी सुटायची आणि तेलुगू सुरू व्हायची. आम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण आमेन मात्र आम्ही सगळ्यात जोरात त्यालाच म्हणायचो.

शेवटची प्रार्थना करण्याची एक रीत अण्णांनीच घालून दिली होती. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या माणसाला विचारायचं, “विषय काय?” त्याने आपली अडचण सांगायची आणि विचारणाऱ्याने त्याच्यासाठी प्रार्थना करायची. असं फिरत फिरत गोल पूर्ण व्हायचा. कुणाचा इंग्रजीचा पेपर, कुणाच्या बापाची दारू, कुणाचं हॉस्टेलमधलं भांडण. ही रीत मला फार आवडायची. आठवडाभर कुणी विचारलं नाही तरी शनिवारी एक माणूस विचारणारच, याची खात्री असायची.

एकदा मला प्रॅक्टिकलमुळे उशीर झाला. अण्णांनी हात देऊन वर घेतलं, पण गाणं चालू होतं म्हणून मी गोलात न शिरता तिथेच स्टुलापाशी टेकले. प्रार्थनेची वेळ आली. माझ्या डावीकडच्या अक्कलकोटने माझा विषय विचारून प्रार्थना केली. आता माझी पाळी. उजवीकडे पाहिलं तर अण्णांचे गुडघे.

“अण्णा, विषय काय?”

“माजं काय नाय,” ते हसून म्हणाले. “तुमचं सांगा.”

“आमचं सांगून झालं. नियम तुमचाच आहे.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की, अण्णा स्टुलावर, गोलाच्या बाहेर. आजवर ते कुणाच्याच उजवीकडे आलेले नव्हते. त्यांनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. मग गाल चोळत म्हणाले, “मे महिना लवकर जाऊ दे म्हन.”

सगळे हसले. सोलापूरचा मे महिना कुणाला हवा असतो? वर पत्रा, खाली मागांची धग. मी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली, की प्रभू, अण्णांना उन्हाळा सोसण्याची शक्ती दे आणि या पत्र्यावर तुझी सावली राहू दे. अण्णा आमेन म्हणाले. जरा उशिराच म्हणाले.

त्यांनी काय मागितलं होतं ते मला शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर कळलं. सगळे घरी गेले, मी एका कोर्ससाठी मे महिन्यात सोलापुरातच राहिले. हॉस्टेलमध्ये मोजून चार मुली. एका शनिवारी शुक्रवार पेठेत काही घ्यायला गेले होते, तिथून पाय आपसूक भवानी पेठेकडे वळले. शेडला सुट्टी, माग बंद. त्या शांततेत वरून डब्यावरचा ताल ऐकू आला आणि अण्णांचा आवाज. मला वाटलं, कुणीतरी आलेलं दिसतंय.

वर कुणी नव्हतं. सगळ्या चादरी अंथरलेल्या, सुरकुती नसलेल्या. अण्णा आपल्या स्टुलावर. ते एक ओळ म्हणत आणि दुसरी ओळ आम्ही म्हणायचो म्हणून तेवढा वेळ थांबत. नुसता ताल चालू ठेवत. मग पुढची ओळ. मी अर्ध्या जिन्यात उभी राहून ऐकत होते. एवढी मोठी रिकामी जागा मी पूर्वी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही.

त्यांनी मला पाहिलं. गाणं न थांबवता हात पुढे केला. ओळ संपल्यावर म्हणाले, “दे हात.”

“अण्णा, कुणीच येत नाही हे माहीत असून अंथरलंत?”

“शनिवार हाय की,” ते म्हणाले. जणू मी वार विसरले होते.

त्या दिवशी मी त्यांना स्टुलावरून खाली चादरीवर बसवलं. अवघडून बसले. म्हणाले, “दोगंच असलो की मीबी येतो गोलात. तू माज्या उजवीकडं, मी तुज्या.” आणि मग त्यांनी विषय सांगितला. हळू, तुटक, मध्येच तेलुगू घालत. पोरं येतात, तीन वर्षं बसतात, जीव लागतो. परीक्षा झाली की जातात. जायलाच पायजे, थांबून काय करतील? जूनमध्ये नवी येतात, त्यांची गावं पाठ करायची. पण मेमध्ये जुनी गेलेली असतात आणि नवी आलेली नसतात. “तवा कसं हुतंय की मोडनिंब, मी कुनाचाच नसतो. एकांदा शनिवार कुनीतरी वर यावं, बास. दुसरं काय मागनं नाय माजं.”

मी विचारलं, “आणि एकटे असता तेव्हा उजवीकडचा कोण धरता?”

“मागच्या खेपेला जो बसला हुता तो. दुसरं कोन येऊन बसंपर्यंत जागा त्येचीच की.”

मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. या वेळी उन्हाचं नाव काढलं नाही. आणि उठताना सांगितलं, “मे महिन्यातला एक शनिवार माझा.” अण्णांनी मान हलवली. असं जाताना बऱ्याच जणांनी त्यांना सांगितलेलं असणार.

मला पुण्याला नोकरी लागली. पण तो शब्द मी पाळला, कारण पुण्यात गेल्यावर अण्णांचा मे महिना काय असतो ते मला बारा महिने कळायला लागलं. ऑफिसात माणसं चांगली आहेत, चर्च मोठं आहे, आणि आवारात मी अजूनही सँडलचा पट्टा नीट करते. दर मे महिन्यात रजा टाकून एक शनिवार सोलापूर. अण्णा हात द्यायचे, मी गुळाची पोळी नेलेली असायची, आम्ही दोघं गोल करून बसायचो. मीही माझा विषय सांगायचे. पण वरवरचा. पगार, घरमालक, आईचे गुडघे. खरं ते जिभेवर यायचं आणि मी गिळायचे. त्यांच्या एकटेपणावर माझा आणखी कशाला, असं वाटायचं.

लॉकडाउनमध्ये पोरांनी संगती मोबाइलवर भरवली. मीही पुण्याहून जोडली गेले. सगळ्यांचे चौकोनी चेहरे, आणि एका चौकोनात अण्णांचं कपाळ. प्रार्थनेची वेळ आली तसे अण्णा अस्वस्थ झाले. माझ्या पडद्यावर त्यांच्या शेजारी एक मुलगी होती, त्यांच्या पडद्यावर दुसराच कुणी. “ह्यात उजवीकडं कोन हाय त्येच कळंना की,” ते म्हणाले. पोरं हसली. पुढच्या शनिवारी अण्णा जोडले गेले नाहीत. निलव्वा काकूंनी मला फोनवर सांगितलं, ते वर चादरी अंथरून बसतात म्हणून.

अण्णा गेले ते जानेवारीत. ताप आला, छातीत भरलं आणि गेले. कॉलेजं चालू होती. दफनाला चर्चची माणसं होती, शेडचे मालक होते, आणि शनिवारची सात-आठ पोरं, ज्यांची नावं मला ठाऊक नव्हती. शवपेटी त्यांनीच उचलली. मला त्यातल्या त्यात एवढंच बरं वाटलं, की मे नव्हता.

पण मे आला. रजा मी सवयीने आधीच टाकून ठेवली होती, ती रद्द करायला हात होईना. शनिवारी दुपारी सोलापुरात उतरले. निलव्वा काकूंनी किल्ली दिली. पोरं परीक्षा देऊन घरी गेली होती. शेवटच्या दोन पायऱ्यांवर मी सवयीने हात वर केला, मग भिंत धरून चढले.

चादरी एकावर एक रचलेल्या होत्या. मी अंथरल्या. कोपऱ्याला कोपरा जुळवणं वाटतं तितकं सोपं नाही, दोनदा उचलून पुन्हा घालाव्या लागल्या. काकू धापा टाकत वर आल्या.

“कोन येनार हाय का?”

“नाही.”

“मग एवड्या कशाला गं पसरालीस?”

“शनिवार आहे,” मी म्हटलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या उतरून गेल्या.

मी स्टुलावर न बसता खाली चादरीवर बसले. गाणं म्हटलं. दुसऱ्या ओळीसाठी थांबायचं धैर्य मला झालं नाही, सगळ्या ओळी मीच म्हटल्या. मग प्रार्थनेची वेळ झाली. मी उजवीकडे पाहिलं. इथे माझ्या शेजारी शेवटचे बसले होते ते अण्णाच. दुसरं कुणी येऊन बसलेलं नव्हतं, तेव्हा जागा त्यांचीच.

“विषय काय?” मी विचारलं.

आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. तो पोचलेला असतो, त्याला काही कमी नसतं, त्याच्यासाठी मागण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणजे त्या खोलीत मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते जे खोटं बोलले होते, ते आता खरं झालं होतं. माजं काय नाय. तुमचं सांगा.

मग मी सांगायला लागले. या वेळी पगार, घरमालक यातलं काही नाही. पुण्याला संध्याकाळी कुलूप उघडून आत जाण्याआधी मी दाराशी किती वेळ उभी राहते, तिथून सुरुवात केली.