कोबेहून आलेलं फडकं

नगर जिल्ह्यात निव्वळ रागावण्यासाठी जी माणसं जन्माला आली त्यांत पहिला नंबर माझ्या मावसोबांचा लागेल, आणि दुसरा, नाइलाजाने, माझा. आम्हा दोघांत फरक इतकाच की मी माणसांवर रागावते आणि ते पद्धतींवर रागावत. दुकानदाराने सुटे पैसे हातावर टाकले की त्यांना राग. पुडी ओलसर रद्दीत बांधली की राग. गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदार कान कोरत बसला, तर त्यांना जेवणच जात नसे. राग आला म्हणून ते आवाज चढवत नसत. आधी चष्मा काढत, तो धोतराच्या सोग्याला पुसत, पुन्हा डोळ्यांवर चढवत आणि मग फक्त म्हणत, "कोबेला असं नसतं." मी नगरच्या शाळेत शिकवायची, आणि सुट्टीत त्यांच्याकडे तिसगावला गेले की हे वाक्य सकाळच्या चहापासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत ऐकत असे. त्यामुळे न पाहिलेल्या त्या गावाबद्दल माझ्या मनात चांगलीच अढी बसली होती.

कोबे म्हणजे जपानातलं एक बंदर. मुंबईच्या एका कापडवाल्या शेटजींची तिथे पेढी होती आणि मावसोबा त्या पेढीत कारकून होते. मिशनच्या शाळेत चार इयत्ता इंग्रजी शिकले, अक्षर मोत्यासारखं, म्हणून शेटजींनी उचलून नेले ते तरुणपणीच. मावशी मात्र तिसगावातच राहिली. दोन-तीन वर्षांनी एकदा ते यायचे, सुट्टी संपली की पुन्हा बोटीवर. जपान युद्धात उतरणार अशी कुणकुण लागली तेव्हा पेढीला कुलूप पडलं आणि मावसोबा कायमचे घरी आले. येताना दोन ट्रंका आणल्या. एकीत त्यांचे कपडे होते आणि दुसरीत पेढीतले कापडाच्या नमुन्यांचे चौकोनी तुकडे. मावशीला वाटलं होतं, दुसरीत तरी आपल्यासाठी काहीतरी असेल. त्या निराशेतून ती शेवटपर्यंत सावरली नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसून ते कोबेच्या बाजाराचं वर्णन करीत. तिथल्या मोठ्या दुकानात म्हणे दारातच एक माणूस तुमचे बूट उतरवून घेई आणि घालायला सपाता देई. विजेच्या पाळण्यातून, म्हणजे लिफ्टने, वरच्या मजल्यावर जायचं, तर पाळणा चालवणारी मुलगी प्रत्येक मजल्यावर वाकून नमस्कार करी, पाळणा रिकामा असला तरी. एक हातरुमाल घेतला तरी तो कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून, दोरीला बोट अडकवायला फास ठेवून देत. सुटे पैसे हातावर न टाकता तबकात ठेवून पुढे करत. खाणावळीच्या दारात काचेच्या कपाटात भात, मासे, शेवया मांडलेल्या, आणि ते सगळं मेणाचं. आत काय मिळेल ते गिऱ्हाइकाने बाहेरूनच पाहून घ्यावं. पाऊस आला तर दुकानदार स्वतःची छत्री देई आणि ती परतही येई. हे सांगताना त्यांचा आवाज इतका हळवा होई की मला उठून जावंसं वाटे. ऐन महायुद्धात ज्यांचं नाव घेतलं तरी लोक दचकतात, त्या मुलुखातल्या छत्र्यांचं कौतुक मी का ऐकायचं? शिवाय आमच्याकडे 'जपानी' म्हणजे सकाळी घेतलेलं आणि संध्याकाळी मोडलेलं खेळणं. तसं मी एकदा बोलून दाखवलं तर त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र ते फार आदराने सांगत. कोबेला ते एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी खोली घेऊन राहत. शेजारणीने काही पदार्थ पाठवला, की ही बाई भांडं रिकामं कधी परत करत नसे. दुसरं काही नसलं तर एक काडेपेटी तरी ठेवून देई. "याला म्हणतात रीत," मावसोबा म्हणत. त्यावर आतून भाकरी थापता थापता मावशी विचारी की आपण इथे रिकाम्या वाट्या परत करतो की काय. शेजारचं ताट आलं तर त्यात साखरेची चिमूट तरी टाकून पाठवतोच ना? मावसोबांना हे अजिबात आवडत नसे. कोबेला आणि तिसगावाला एकाच पाटावर बसवलेलं त्यांना चालत नसे.

या म्हातारीनेच ते निळं फडकं दिलं होतं. निघायच्या दिवशी तिने बोटीवर खायला भाताचे गोळे करून एका गडद निळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनी फडक्यात बांधून दिले. अशी फडकी तिकडे घरोघरी असतात. त्यात बांधून वस्तू द्यायची, घेणाऱ्याने वस्तू ठेवून घ्यायची आणि फडकं परत करायचं. मावसोबांनी भात खाल्ला, फडकं बोटीवर धुतलं, वाळवलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. युद्ध संपलं की कुणाबरोबर तरी ते परत पाठवायचं हे ठरलेलं होतं. त्यात काय घालून पाठवायचं, एवढंच ठरत नव्हतं. शेंगदाण्याची चटणी वाटेत खवट होईल, हुरडा म्हातारीला चाववणार नाही, अशी त्यांची चर्चा चाले. ती बाई सत्तरीची होती आणि तिच्या तोंडात मोजकेच दात होते, हे त्यांनी मावशीला बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं. तरी त्या फडक्याचं नाव निघालं की मावशी भांडी जरा जोरात ठेवायला लागे.

तिसगावच्या पेठेत त्यांनी किराण्याचं दुकान काढलं. तेल, मीठ, मिरची, सुया-दोरे, साबण, असला साधा माल. पण दुकान चालवायचं कोबेच्या पद्धतीने. गिऱ्हाईक पायरी चढलं की हे उठून कमरेत वाकत. गिऱ्हाईक बिचारं गोंधळून तितकंच वाकायचं. मग हे पुन्हा वाकत. मागे रांग लागली तरी यांचं वाकणं संपत नसे. सुटे पैसे ठेवायला पितळी तबक मांडलं, तर रविवारच्या उपासनेला येणाऱ्या मंडळींना ती दानाची थाळी वाटली आणि एक म्हातारे डोळे मिटून प्रार्थना करून मगच तिला हात लावत. माल घेऊन झाला की मावसोबा गिऱ्हाइकाबरोबर पायरी उतरून थेट रस्त्यापर्यंत जात आणि तिथे पुन्हा वाकत. मी एकदा आगपेटी घ्यायला गेले, तर मलाही त्यांनी रस्त्यापर्यंत पोचवलं. मी त्यांच्याच घरी उतरले होते.

पुढे युद्धामुळे कागद मिळेनासा झाला. इतर दुकानदार माल सरळ पदरात ओतू लागले. मावसोबांच्या हातून ते होणं शक्य नव्हतं. त्यांनी ती दुसरी ट्रंक उघडली. मावशीने रात्री बसून त्या नमुन्याच्या तुकड्यांच्या कडांना दोरा घातला आणि मावसोबांनी माल फडक्यात बांधून द्यायला सुरुवात केली. मीठ फडक्यात, मिरची फडक्यात, वर दोन टोकांची अशी देखणी गाठ की सोडायला जीव होऊ नये. देताना म्हणायचे, फडकं तेवढं सवडीने परत आणा. एकदा कुणीतरी कागाळी केली की हा माणूस जपानचा हेर आहे. पाथर्डीहून फौजदार आला. त्याने ट्रंका उलथ्यापालथ्या केल्या, निळं फडकं उजेडात धरून पाहिलं आणि काही सापडेना तेव्हा जाताना पावशेर सुपारी मागितली. मावसोबांनी ती फडक्यात बांधून दिली आणि फौजदाराला रस्त्यापर्यंत पोचवून वाकून नमस्कार केला. फौजदाराचं फडकंही परत आलं नाही.

कुणाचंच आलं नाही. एक आलं नाही, दुसरं आलं नाही, ट्रंक रिकामी व्हायला आली. मावसोबांनी आधी वाट पाहिली, मग आठवण केली, मग दाराबाहेर पाटीच लावली: 'फडके परत केल्याशिवाय माल मिळणार नाही.' त्या दिवसापासून दुकानाची पायरी ओस पडली. लोक समोरच्या दुकानातून पदरात मीठ नेऊ लागले आणि जाता-येता यांना 'जपान्या' म्हणू लागले. मावसोबा सकाळी दुकान उघडून, तबक पुसून, रिकाम्या पायरीकडे बघत बसत. माल पडून होता, घर त्या दुकानावर चालत होतं आणि मावशी आता एक वेळचं कालवण दोन वेळांना पुरवत होती. नाताळच्या सुट्टीत मी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून धूर खात पोचले, तेव्हा मावशीने मला दारातच सांगितलं की यांचं हे असंच चाललं तर दुकान मोडून नगरला तुझ्या दारात येऊन राहावं लागेल. मला दोघांचाही राग आला. पाटी लावणाऱ्याचा आला आणि फडकी दाबून बसणाऱ्या गावाचा त्याहून जास्त आला. कापड रेशनवर आहे म्हणून काय माणसाने दुसऱ्याचं फडकं ढापायचं?

बाजाराच्या दिवशी भडका उडाला. पेठेतून सखूबाई नावाची एक म्हातारी चालली होती. कोरडवाहू रानात राबणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. मावसोबा आयुष्यात पहिल्यांदा पायरीवरून ओरडले की, बाई, माझं फडकं चोरून नेलंस ते कुठाय. भरल्या बाजारात सगळे थांबले. सखूबाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि सरळ पायरीपाशी आली. तिचा राग पाहून मला आमचे दोघांचे राग अगदीच शिकाऊ वाटले.

"चोर म्हनायच्या आदी इचारायचं हुतं," ती म्हणाली. "फडकं हाय माज्याकडं. धुऊन, घडी घालून उतरंडीवर ठिवलंय. पन त्यात घालू काय? औंदाबी पावसानं दगा दिला. घरात मूठभर दानं न्हाईत."

मावसोबा म्हणाले, मला दाणे नकोत, माझं फडकं द्या.

"रिकामं?" सखूबाई म्हणाली. "तुमी मला वाकून रामराम करता, रस्त्यापत्तर सोडाया येता. माज्या सख्ख्या भावानं कदी एवढं केलं न्हाई. अशा घरचं फडकं म्या रिकामं आनून द्यावं? मला काय रीतभात न्हाई व्हय? ह्या गावात कुनालाच न्हाई व्हय?"

मागे उभ्या असलेल्या लोकांच्या माना हलल्या. तेव्हा कुठे उमगलं की फडकी कुणी दाबली नव्हती. इतर दुकानांतला व्यवहार हा व्यवहार होता. मावसोबांनी मात्र वाकून आणि पोचवून दुकानाचं घर करून टाकलं होतं, आणि घरून आलेल्या भांड्यासारखं त्यांचं फडकंही आता रिकामं परत करता येत नव्हतं. दोन वर्षं पाऊस नव्हता आणि अख्खं गाव ती फडकी धुऊन, लाजून जपत होतं. मावशीने आतून एवढंच विचारलं की मी हे कधीपासून सांगत होते, कुणी ऐकलं का. मावसोबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. कोबेचं नाव काढलं नाही. सखूबाईपुढे ते जितके वाकले तितके फौजदारापुढेही वाकले नव्हते, आणि आत वळताना त्यांनी दाराबाहेरची पाटी काढून चुलीपाशी ठेवली.

पुढच्या साली बाजरी बरी झाली. खळी उरकली आणि फडकी यायला लागली. एकात मूठभर बाजरी, एकात मटकी, एकात दोन अंडी, एकात ओल्या मिरच्या. सखूबाईचं सगळ्यांत आधी आलं, आणि ते तिने तबकात ठेवलं. पायरीवर पुन्हा गर्दी झाली, पुन्हा वाकणं सुरू झालं, आणि मी सुट्टीला गेले की पुन्हा रांगेत उभी राहून चरफडू लागले. फौजदाराचं फडकं तेवढं राहिलंच.

युद्ध संपायच्या थोडं आधी नगरच्या वर्तमानपत्रात छापून आलं की जपानची शहरं आगीच्या बॉम्बने जळत आहेत. त्या नावांत कोबे होतं. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी खुशीत टाळी वाजवली आणि मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला एवढा संताप का यावा ते मलाच कळेना. माझं तिथे कोण होतं? शनिवारी मोटार धरून मी तिसगावला गेले आणि मावसोबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा लावलाच नाही. घरं लाकडाची आणि कागदाची असतात तिथे, एवढंच म्हणाले. मग ट्रंकेच्या तळातून ते निळं फडकं काढून त्यांनी फळीवर पसरलं आणि त्याच्याकडे बघत बसले. त्यांनी कुणाला तरी विचारावं तसं विचारलं, "आता हे परत कुठे करायचं?"

मावशी आतून आली. इतकी वर्षं त्या फडक्याशी तिचं वैर होतं. तिने ओंजळभर बाजरी आणली होती, ती फडक्याच्या मधोमध ओतली आणि भाकरी बांधतात तशी गाठ मारली. "रिकामं नका ठेवू," ती म्हणाली. "ती असली-नसली तरी." मावसोबांनी ती गाठ सोडली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा बांधली.

युद्ध संपलं, पण तिकडून कुणाचा काही निरोप आला नाही. मावसोबा दुसऱ्याच वर्षी गेले. दुकान आता मावशी चालवते, कुणापुढे वाकत नाही आणि सुटे पैसे सरळ हातावर टाकते. निळं फडकं मात्र फळीवर असतं, आणि खळं झालं की ती त्यातली जुनी बाजरी कोंबड्यांना घालून नवी भरते. मी दर वेळी चिडते. किडे होतात, आणि न्यायला येणार आहे कोण? गेल्या सुट्टीत ती तापाने पडून होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कुरकुरतच मी बाजरी भरली, गाठ मारली आणि तिला दाखवायला नेली. तिने उशाशी ठेवलेला मावसोबांचा चष्मा चढवून ती नीट पाहिली.

"सैल आहे," म्हणाली. "कोबेला असं नसतं."

मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.