माणसं मोजणारा आतेभाऊ

आमच्या आतेभावाला घरात घेणं म्हणजे शिंपी, जनगणनेचा कारकून आणि मुलगी पाहायला आलेला पाहुणा या तिघांना एकदम घरात घेणं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असा दुसरा नमुना झाला नाही. झाला असेल तर तो माझ्या नात्यात नाही, एवढी देवानं माझ्यावर दया केली आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या मागच्या-पुढच्या त्या वर्षांत हा पुण्याला आर्किटेक्ट व्हायला शिकत होता, आणि मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. म्हणजे आमच्या घराण्यात विटा-चुन्यावर बोलायचा हक्क खरं तर माझा. पण सुट्टी लागली, की हा सांगलीला आत्याकडे दोन दिवस टेकायचा आणि तिथून आमच्याकडे मलकापूरला दाखल व्हायचा. वाकून माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पाया पडायचा. आणि त्या निमित्तानं त्यांच्या गुडघ्याची जमिनीपासूनची उंचीही घेऊन टाकायचा, असा माझा जुना वहीम आहे. सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा पोलादी टेप ठेवायचा. वहीत इमारती कमी आणि माणसंच जास्त. ‘आत्या, मांडी घालून’, ‘वहिनी, वरवंट्यावर वाकताना’, ‘दादा, रागावून उभा असताना’. हा शेवटचा मी. मी रागावलो की फुगलेल्या छातीसकट सव्वा फूट जागा जास्त अडवतो, असं त्यात लिहिलेलं होतं. मी ते वाचून रागावलो, तर हा टेप घेऊन पुन्हा उठला.

तिसऱ्या वर्षाला त्यानं नाट्यगृहाचा नकाशा करायला घेतला. सांगलीचा माणूस, तिथले लोक एक तर नाटकात काम करतात, नाही तर नाटकाला नावं ठेवतात. हा तिकीट काढून जायचा आणि रंगमंचाकडे पाठ करून प्रेक्षक बघत बसायचा. “दादा, माणूस अंकागणिक दोन बोटं पसरतो,” तो मला अगदी गंभीरपणे म्हणाला, “पहिल्या अंकाच्या मापाची खुर्ची तिसऱ्या अंकाला पुरत नाही.” या शोधाची खातरजमा करायला त्यानं आत्याला जेवणाआधी आणि जेवणानंतर बाकावर बसवून मोजलं. “मुडद्या, आईची बैठक मोजतुयास व्हय रं? त्ये पुण्याचं मास्तर ह्येच शिकवत्यात काय?” असं म्हणत ती बाक सोडून पळाली. पण त्या नाट्यगृहात त्यानं मागच्या बाजूला एक काचेची खोली काढली होती. परीक्षकांनी विचारलं, ही कशाची, दिव्यांची का? तर म्हणाला, रडणाऱ्या पोरांची. आईनं पोराला घेऊन आत बसावं, काचेतून नाटक बघावं, संवाद ऐकायला आत कर्णा असावा आणि पोराचं रडणं बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये. “माझ्या आईनं माझ्यापायी एकाही नाटकाचा तिसरा अंक पाहिलेला नाही,” असंही वर सांगितलं म्हणे. आत्यानं हे ऐकलं आणि ती चुलीपुढं जाऊन बसली. मी मात्र हसलो. चांगला मोठ्यानं हसलो, कारण मला ते कधी सुचलं नसतं. माझ्या आईनं आयुष्यात काय काय पाहायचं टाकलं, हे ती असताना मी विचारलं नाही आणि आता सांगायला ती नाही.

पुढच्या वर्षी कुपवाडच्या कामगारांसाठी घरं. आम्ही घरं कशी काढतो? बारा बाय दहाची खोली, पुढं पडवी, मागं मोरी, खाली सही. हा पाळी सुटायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकाशी उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, “सायकल घरात कुठं ठेवता?” पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी सायकल खरंच गेली. तिसऱ्या दिवशी ह्याची गचांडी धरली गेली. लेथवर काम करणारे मिरजेचे एक चाचा मध्ये पडले म्हणून बचावला. “छोडो रे, चोर ऐसा पता पूछके चोरी करता क्या?” म्हणत चाचांनी त्याला घरी नेलं, जेवू घातलं, आणि ह्यानं जेवता जेवता बघून ठेवलं, की चाचांची सायकल रोज संध्याकाळी तीन पायऱ्या उचलून आत येते आणि मग चाची पाय चुकवत तिच्या चाकाला वळसा घालून भाकरी वाढते. नकाशातल्या त्याच्या प्रत्येक घराला पायऱ्यांशेजारी एक उतार आणि आतल्या भिंतीला सायकलीपुरता कोनाडा आला. “हे घर आहे की सायकल स्टँड?” मास्तरांनी विचारलं. “सर, तुम्ही दागिने कपाटात ठेवता. हा माणूस सायकल ठेवतो,” हा म्हणाला. मार्क कमी मिळाले. गोष्ट मात्र दोन जिल्ह्यांत फिरली आणि माझ्याच घरात मला चार वेळा ऐकावी लागली, चारही वेळा आबांच्या तोंडून.

आणि माझं दुखणं नेमकं तिथं होतं. आबा म्हणजे पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. कौतुक हा शब्द त्यांनी शिधापत्रिकेवरच्या साखरेसारखा वापरला, आणि माझा नंबर येईतो ती संपलेली असायची. अकरा वर्षं मी पूल बांधले, शाळाखोल्या बांधल्या, दुष्काळी कामांवर उन्हात उभा राहून खडी मोजली. मेढ्याच्या रस्त्यावर मी बांधलेल्या पुलावरून आबा चारदा एस्टीनं गेले. चारही वेळा झोपलेले होते. आणि ह्यानं त्या कामगारांच्या घरांची प्रतिकृती पुठ्ठ्याची करून आणली, तर आबांनी ती रुखवतासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि आख्ख्या गल्लीला दाखवून आणली. “बगा, आमच्या भाच्यानं केलंय. लय झ्याक डोकं हाय पोराचं.” त्या पुठ्ठ्याच्या वसाहतीत हिरवीगार झाडं होती. आंघोळीला गेलो तेव्हा कळलं, की अंग घासायची माझी घोसाळ्याची जाळी हिरव्या शाईत बुडून तिथं वडाचं झाड झाली आहे. “असू द्या की,” बायको म्हणाली, “तुमच्या पाठीपेक्षा तिथंच शोभतीय.”

अशात आमच्या मलकापूरच्या जागेवर नवं घर बांधायचं ठरलं. मी मनातल्या मनात ते दहा वर्षं बांधत आलो होतो. आबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि हुकूम सोडला, “दोगंबी नकाशा काढा. मी बगतो.” मी ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईनं असा नकाशा काढला, की कार्यकारी अभियंत्यानं उभं राहून सही करावी. पुढं व्हरांडा, त्याला लोखंडी जाळी, वर सज्जा, जिन्याला कठडा. हा मात्र दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस काहीच करीना. सकाळी आबांच्या मागं मागं चालायचा, दुपारी स्वयंपाकघरात माझ्या बायकोशी गप्पा मारायचा. नवव्या दिवशी त्यानं पेन्सिलीनं काढलेला एक मळकट कागद पुढं ठेवला. चुलीसमोरची खिडकी रस्त्याकडं. कारण, दारात कोण आलंय हे कळायला बायकोला दिवसातून वीसदा तवा सोडून उठावं लागतं. आणि पुढं रस्त्याच्या कडेला एक लांब ओटा. आबांचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून नेमक्या त्या उंचीचा. पाठ टेकायला खांब, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम हात न उंचावता घेता यावा इतका रस्ता जवळ.

“हे तू मला कधी बोलली नाहीस,” मी बायकोला खिडकीबद्दल म्हणालो.

“भावजींनी विचारलं. तुम्ही ‘चहा झाला का’ याच्यापुढं काय विचारता?”

आबांनी तो मळका कागद बराच वेळ हातात धरला होता. ते बघून मला जे वाटलं, त्याचं माप आतेभावाच्या वहीतही मावलं नसतं. मी घसा साफ केला आणि सरकारी आवाजात म्हणालो, “हा ओटा रस्त्यालगत मोकळी सोडायच्या जागेत येतो. नगरपालिका मंजूर करणार नाही.” ओटा दीड फूट मागं घेतला असता तर मंजुरीला काही अडचण नव्हती. हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही. आतेभावानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आबांकडं. मग कागदाची गुंडाळी केली आणि म्हणाला, “दादाला नियम माहीत असतात.”

माझं घर झालं. वास्तुशांतीला तो आला आणि घरभर फिरून खुल्या मनानं म्हणाला, “दादा, जिन्याचा कठडा फार सुरेख जमलाय.” मला ते टोमण्यासारखं लागलं, पण तो टोमणे मारणारा माणूसच नव्हता, हा त्याचा आणखी एक दोष. आबा मात्र रोज दुपार कलली की घडीची खुर्ची काखोटीला मारून, पाय ओढत फाटकाबाहेर जायचे आणि रस्त्याच्या कडेला बसायचे. “आबा, व्हरांडा कशासाठी बांधलाय?” मी एकदा विचारलं. “झ्याक हाय की व्हरांडा. पावसापान्याचं बसतो,” ते म्हणाले. उन्हाळ्यात-हिवाळ्यात त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि जाळीच्या आत कधी बसलेही नाहीत.

आबा गेल्यावर दिवसांना आतेभाऊ आला होता. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, “तुला एक सांगायचंय. तो ओटा दीड फूट मागं घेता आला असता.”

“माहीत होतं, दादा. आम्हालाही नियम शिकवतात.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

तो म्हणाला, “तुम्हा दोघांपुढं ठेवायच्या आदल्या दिवशी मामांना मी तो कागद एकट्यात दाखवला होता. म्हणाले, ‘लय ब्येस हाय. पर घर त्याचंच हू दे. त्यानं जलमभर सरकारचं बांधलं, येक तरी घरचं बांधू दे. माझं काय, मला बसायला कुटंबी जमतंय.’”

मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. आबा मला ओळखून होते, माझा नकाशा त्यांनी आधीच निवडलेला होता, आणि माझ्या त्या खोट्याची कुणाला गरजही नव्हती. सगळं समजलं. तरी इतक्या वर्षांनी आतेभावाचा हेवा वाटायचा तो वाटतोच, आणि तो ना त्याच्या नाट्यगृहाचा, ना कामगारांच्या घरांचा. आबा माझ्याबद्दल आयुष्यात एकदाच चांगलं बोलले, आणि ते ऐकायला तो होता.