टिकलीवाले व्हिडिओ

निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी कुणी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केलेला दिसला की मला ते प्रकरण आठवतं. तेव्हा मी केळापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. त्या खुर्चीत बसून खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या कागदावर सही करताना माझा हात थांबला, तो या प्रकरणातला होता.

सकाळची हजेरी आटोपली होती. एक शिक्षक तक्रार अर्ज घेऊन आले. पोलीस भरतीचा क्लास चालवायचे. स्वतः भरतीत उंचीत थोडक्यासाठी बाद झालेले, म्हणून दुसऱ्यांना वर्दीत पाहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. गणित आणि बुद्धिमत्तेचे सगळे धडे त्यांनी रेकॉर्ड करून ॲपवर टाकले होते. ॲपला कुलूप भक्कम होतं. धडा डाउनलोड होत नाही, स्क्रीनशॉट काळा येतो, शिवाय बघणाऱ्याचा मोबाईल नंबर पडद्याच्या कोपऱ्यात उमटतो. एवढं करूनही तेच धडे पुसदपासून नेरपर्यंत पोरांच्या मोबाईलमध्ये फुकट फिरत होते.

"साहेब, अर्धी बाकं रिकामी झाली," ते म्हणाले. "पोट्टे तोंडावर म्हणतात, सर, तुमचं सगळं आमच्याकडे हाय. असंच चाललं तं क्लास बंद करा लागते."

माणूस रडकुंडीला आला होता. मला त्यांची कणव आली. घसा कोरडा करून शिकवायचं आणि ते वाऱ्यावर गेलेलं पाहायचं, हे सोपं नाही.

सायबरचं काम पाहणाऱ्या अंमलदारानं तशी एक फिरणारी व्हिडिओ फाइल पाहिली आणि हसू दाबलं. "साहेब, ॲपचं कुलूप कुणी तोडलंच नाही. एका मोबाईलवर धडा लावला आन् दुसऱ्या मोबाईलनं त्याचं शूटिंग केलं. डोळ्याले जे दिसते ते कॅमेऱ्याले दिसतेच."

"मंग कुलूप लावाचं तरी कायले?" सरांनी विचारलं.

चौकशी सुरू झाली. आमचा एक खबऱ्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचा. त्यानं सांगितलं की पोरं एकमेकांना हे धडे 'टिकलीवाले व्हिडिओ' म्हणून मागतात. मी फाइल पुन्हा लावली. कोपऱ्यातला मोबाईल नंबर झाकायला काचेवर लाल टिकल्यांची एक ओळ चिकटवलेली होती. टिकल्या लावणारी टोळी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

धड्याच्या मधे मधे एका बाईचा आवाजही यायचा. सर शिकवतायत, मधेच कुणीतरी धडा थांबवतं, आवाज काहीतरी बोलतो, मग सर पुन्हा सुरू. माझ्या हाताखालच्या तरुण फौजदाराला हा आवाज तेलुगू वाटला. सीमा जवळ, तेव्हा टोळी तेलंगणातली, हे त्यानं ठरवून टाकलं. तिकडच्या पोलिसांना द्यायचं पत्र तयार झालं, गाडी सांगून झाली, इतकंच काय, वाटेत कुठं जेवायचं तेही ठरलं. सरांनाही ते पटलं होतं. चोर परक्या राज्यातला मानायला माणसाला बरं वाटतं.

मी पत्रावर सही करण्याआधी एकदा डोळे मिटून तो आवाज ऐकला. माझी पहिली नेमणूक याच भागातली. कोलामांच्या वस्त्यांना इकडे पोड म्हणतात, आणि तिथल्या बीटवर मी दोन पावसाळे पायी फिरलो होतो. भाषा मला आली नाही, पण तिचा सूर कानात राहिला होता. ती तेलुगू नव्हती, कोलामी होती. मी फौजदाराला म्हटलं, "गाडी राहू द्या, पण दिशा बदला."

सरांना विचारलं, पोडावरून कुणी येतं का तुमच्या क्लासला? ते हळूच म्हणाले, "एकच पोरगी हाय. मैदानी पास झाली. लेखी बाकी हाय. साहेब, ती असं नाही करणार."

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला अंमलदाराला घेऊन मी आणि फौजदार तिच्या घरी गेलो, सरही हट्टानं सोबत आले. वडील अंगणात बांबूची टोपली विणत होते. त्यांनी आम्हाला बाज टाकली आणि पुन्हा टोपलीला लागले, पण हात चालत नव्हता. भिंतीवरच्या आरशाच्या काठाला लाल टिकल्या लावलेल्या होत्या. मला विचारायलाही लागलं नाही. सरांना पाहताच पोरीचा चेहरा उतरला.

"मीच केलं, सर," ती म्हणाली. "नंबर दिसू नाही म्हणून टिकल्या लावल्या. चूक हाय हे समजत होतं मले."

"मंग कायले केलं?" सरांचा आवाज चढला.

"पोडावरच्या तिघींनंबी फारम भरला. इथं रेंज नाही, टेकडीवर जा लागते, तिथं माह्या एका मोबाईलात चौघींचं भागत नाही. म्हणून एकीचा मोबाईल तांब्याले टेकवून शूटिंग केलं आन् घरी पाहाले त्याईले देल्लं. तिघीलेच देल्लं होतं, सर. एकीच्या भावानं ग्रुपवर टाकलं. मंग माह्या हातात काही राह्यलं नाही."

मग तिनं मला विचारलं. "साहेब, गुन्हा लागला तं माही चारित्र्य पडताळणी जाईन का?"

मी खोटं बोललो नाही. जाऊ शकते म्हणालो. वर्दीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी ती पोरगी खाली मान घालून उभी राहिली. वडिलांनी टोपली बाजूला ठेवली. पोलीस होऊन मी पुष्कळ घरांत वाईट बातमी नेली आहे, पण त्या अंगणात मला स्वतःच्या वर्दीचं ओझं झालं.

फौजदारानं जबाबासाठी फाइल लावली, आवाज तिचाच का हे नोंदवायला. सर पटापट नफातोट्याचं उदाहरण सोडवत होते. मग ते थांबले आणि ती बोलू लागली. मागून कुणी मुलगी हसली, कुणी काही विचारलं, हिनं पुन्हा सांगितलं. शेवटी तिघींनी एका सुरात उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं.

सरांनी पुढं होऊन मोबाईल हातात घेतला. तोच भाग दोनदा लावला.

"मधी काय सांगून राह्यली तू त्याईले?"

ती घुटमळली. "तुम्ही घाईघाईत मधल्या दोन पायऱ्या सोडता, सर. त्या सांगते. आन् उदाहरणातल्या दुकानदाराच्या मालाच्या जागी आमच्या टोपल्या घेते."

सर बाजेवर बसले. मी वाट पाहत राहिलो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर होतं. अर्ज अजून प्राथमिक चौकशीतच होता, गुन्हा दाखल झाला नव्हता.

"क्लासमधी काहून नाही सांगितलं मले?" त्यांनी विचारलं.

"सगळे हसतीन म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मले कारवाई नको. माहा जबाब लिहून घ्या." आणि मग पोरीकडे वळून, जरा अवघडून म्हणाले, "हे तुहं बोलणं माह्या ॲपवर टाकलं तं चालते का? तुले इचारूनच टाकीन."

कॉपी केली म्हणून अर्ज देणारा माणूस आता कॉपी करायची परवानगी मागत होता. फौजदारानं लिहिणं थांबवलं.

मी अर्ज निकाली काढला. काही महिन्यांनी तिची चारित्र्य पडताळणी माझ्याच टेबलावर आली, आणि गुन्ह्यांच्या रकान्यात इतक्या समाधानानं 'निरंक' मी दुसऱ्या कुणासाठी लिहिलं नाही. सरांचं नुकसान मात्र भरून निघालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. ती बॅच गेली ती गेलीच, आणि फिरणाऱ्या फाइली आजही फिरतात. कुलूप लावू नये असं मी म्हणणार नाही. कष्ट करणाऱ्याला तेवढा हक्क आहे. पण ठाणेदार म्हणून मी नेहमी विचारायचो, माल कुणी नेला? कशासाठी नेला हे आधी विचारायचं, ते मला त्या अंगणात समजलं.

आणि परवानगीचं तिनं काय उत्तर दिलं, ते राहिलंच. डोळे पुसून ती म्हणाली, "टाका ना, सर. फक्त त्याले कुलूप नका लावू."